बाईंची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. पण मला शोधायला जिन्याकडे बघू नका. मी सुटी आहे. चार ठेंगणे पाय, वर दोन फळ्या, उंची वीतभर. सध्या मी एका काचेच्या पेटीत असते. दिवसभर माझ्यावर दिवा असतो आणि माणसे येऊन मला कौतुकाने बघून जातात. कुणी विचारले, "सुखात आहेस ना?" तर मी नाही म्हणेन. का नाही, ते सांगते.

माझे लाकूड एका दाराचे. इस्पितळाच्या औषधखोलीचे दार काढले, तेव्हा तिथल्या सुताराने त्याच्या दोन फळ्या बाजूला ठेवल्या. जून लाकूड आहे, कुठेतरी लागेल, असे तो म्हणाला आणि विसरून गेला. दोन वर्षे मी त्याच्या कारखान्यात भुशाखाली पडून होते. मग एका सकाळी एक बाई आत आल्या. पांढऱ्या कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, आणि अंगाने एवढ्या लहान की सुताराचा ओटा त्यांच्या छातीला लागत होता.

"काका, मला एक पायरी हवीय."

सुताराने रंधा थांबवला. "कशाला, बाई? माळ्यावर चढायला?"

"माणसाच्या छातीत बघायला."

सुतार हसला. बाई हसल्या नाहीत. त्या इस्पितळातल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर होत्या, एकट्याच बाई. ऑपरेशनचे टेबल पुरुषांच्या मापाने बसवलेले होते. तीन वर्षे त्या चवड्यांवर उभे राहून काम करत होत्या. टेबल खाली करून द्या, असा त्यांनी अर्ज केला होता. त्यावर उत्तर आले की एका माणसासाठी टेबल हलवता येणार नाही.

सुताराने त्यांना ओट्याशी उभे केले, कोपर वाकवायला लावले आणि माप घेतले. तिसऱ्या दिवशी मी तयार झाले. त्याने मला पांढरा रंग दिला, चारी पायांखाली रबराचे तुकडे ठोकले, म्हणजे ओल्या फरशीवर मी घसरू नये. मग एकेका कोपऱ्यावर दाब देऊन बघितला. एक पाय केसभर लांब होता. तो त्याने पुन्हा घासला. "बाईंच्या हातात सुरी असणार आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "हललीस तर बघ."

मी कधीही हलले नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते कुणीही मानले नाही.

त्या काळी हृदयाला हात लावायचा नाही, असा जणू कायदाच होता. छाती उघडायचे, फुप्फुसाचे काम करायचे, शेजारी धडधडणारे हृदय दिसायचे आणि सगळे नजर वळवायचे. आणि तेवढ्यात बाहेर वॉर्डात माणसे गुदमरत असायची. लहानपणी ताप येतो, सांधे सुजतात, मूल बरे होते. पण हृदयातले एक दार आतून चिकटायला लागते. वर्षे जातात. दार आणखी घट्ट होते, रक्त पुढे सरकत नाही, फुप्फुसे तुंबतात. चार पायऱ्या चढल्या की माणूस खाली बसतो.

बाईंचे म्हणणे साधे होते. दार अडकलेय, तर ते उघडायला हवे.

त्यांची रीत मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मला पाठ आहे. हृदयाला वरच्या अंगाला कानासारखी एक पाळी असते. तिच्याभोवती टाका फिरवून घ्यायचा, पिशवीच्या तोंडाला नाडी असते तसा. पाळी चिमट्याने धरायची, टोक कापायचे, तिथून बोट आत घालायचे, नाडी बोटाभोवती आवळायची. आत सगळे रक्त, दिसत काहीच नाही. बोटानेच दार शोधायचे आणि बोटानेच उघडायचे. हृदय तेवढा वेळ धडधडतच असते.

दोन वर्षे त्यांनी सराव केला. खाटकाकडून बकऱ्यांची हृदये आणायच्या, ऑपरेशनच्या खोलीमागे मोरी होती तिथे घमेल्यात पाणी घ्यायच्या, माझ्यावर उभ्या राहायच्या आणि डोळे मिटून बोट आत घालायच्या. सोबतीला सिस्टर असायची. ऑपरेशनच्या खोलीतली तीच मुख्य परिचारिका. कामाला वाघीण, बोलायला गोगलगाय. तिला बाई म्हणायच्या, "डोळे इथे काही कामाचे नाहीत. बोटालाच डोळे फुटले पाहिजेत." इस्पितळात त्यांचे नाव पडले होते 'खाटीकबाई'. त्यांना ते माहीत होते.

एवढा ध्यास का होता, ते मला धाकटीमुळे कळले. धाकटी म्हणजे बाईंची पाठची बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करायची. बोलता बोलता धाप लागायला लागली, तेव्हा तिला नोकरी सोडावी लागली. ती ताईला भेटायला वर यायची ती जिन्यात तीनदा थांबून, आणि आली की धपकन माझ्यावर बसायची. तिचे वजन कितीसे असणार? फडके टाकावे तसे.

"ताई, तुझ्या बकऱ्या संपल्या की माझा नंबर लाव."

"गप्प बस. आधी दहा माणसं चालत घरी जाऊ देत. मग तुझं बघू."

"दहा? मी काय तिकिटाच्या रांगेत उभी आहे?"

"उभी कुठे? मस्त बसलीयस की."

दोघी हसायच्या. धाकटीला हसतानाही दम लागायचा, मग बाईंचे हसू आधी थांबायचे.

पहिला रोगी घरांना रंग देणारा माणूस होता. ऑपरेशन पार पडले, दुसऱ्या दिवशी तो गेला. दुसरा एक ड्रायव्हर. तो टेबलावरच गेला. सगळे खोलीतून निघून गेले तरी बाई माझ्यावरून उतरल्या नाहीत.

मोठे साहेब दारात आले. ते शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख. उंच, देखणे, आवाज असा की कुजबुजले तरी वॉर्डभर ऐकू जावे. हृदयाचे ऑपरेशन त्यांनी स्वतः कधी केले नव्हते, पण करू दिले होते. यश आले तर विभागाचे, अपयश आले तर बाईंचे, असा तो हिशेब होता.

"आणखी एक गेला, तर या खोलीत पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांना स्वतःचीच गंमत सुचली. "माणसानं आपली पायरी ओळखून राहावं, बाई."

तिसऱ्यांदा टेबलावर यायला कोण तयार होणार? एक शिंपीण झाली. दोन लहान लेकरांची आई. आडवे झाले की तिचा जीव घुसमटायचा, म्हणून वर्षभर ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होती.

"दोघे गेलेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?" बाईंनी तिला विचारले.

"सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. तुम्ही करा. एकदा आडवं होऊन झोपायचंय मला, मग ते कसंही असो."

त्या दिवशी खोलीत काय झाले, ते मी पाहिले नाही. मी पायांखाली असते. मला फक्त तळवे कळतात. बाईंचे वजन हळूहळू डाव्या चवड्यावर आले आणि तिथेच थांबले. त्यांचा श्वासही थांबला असावा. मग त्या एकच शब्द बोलल्या.

"उघडलं."

पाचव्या दिवशी शिंपीण आडवी होऊन, तोंड उघडे टाकून, सकाळी आठपर्यंत घोरत होती. परिचारिका पाळीपाळीने चवड्यांवर जाऊन तिला बघून आल्या. हे सांगताना सिस्टर रडली आणि बाई हात धूत राहिल्या. फार वेळ हात धुतले त्यांनी.

वर्तमानपत्रवाले आले. मोठे साहेब नवी टोपी घालून टेबलाच्या मधोमध उभे राहिले. फोटो काढणारा म्हणाला, "त्या बाई मध्येच येतायत."

"ती फळी काढा आणि त्यांना मागे घ्या," साहेब म्हणाले.

सिस्टरने मला पायाने बेसिनखाली सरकवले. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या फोटोत सहा पुरुष होते आणि त्यांच्या खांद्यांमागे एका टोपीचे टोक.

"हे बरोबर नाही, बाई," सिस्टर म्हणाली.

"जाऊ दे. पुढच्या बुधवारी टेबलावर कोण आहे, ते बघ."

तेव्हा मला बाईंचा केवढा अभिमान वाटला! आज राग येतो. ते 'जाऊ दे' त्यांनी तेव्हा म्हणायला नको होते. एकदा बाजूला सरकवलेले माणूस पुन्हा सरकवायला सोपे जाते.

वर्ष-दीड वर्षात आणखी आठ जण चालत घरी गेले. शिंपीण धरून नऊ. दहावी मीच, असे धाकटीने जाहीर केले. गुरुवार ठरला. ती रविवारीच भरती झाली, खिडकीजवळच्या खाटेवर. केस धुऊन, दोन वेण्या घालून आली होती.

आणि सोमवारी एका कारखानदाराचा तरुण मुलगा आला. तोच आजार. कारखानदाराने फोटो पाहिला होता. त्याला मोठे साहेबच हवे होते.

त्याच दुपारी हात धुण्याच्या खोलीत बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातात होते. त्या मला स्वतःच उचलून आणायच्या.

"साहेब, मी करते. नाव तुमचं लागू दे."

असे त्या म्हणाल्या, मित्रांनो. माझ्या कानांनी ऐकले. नावाची भीक साहेबांना घालायला त्या तयार होत्या, कारण आत एक जिवंत माणूस झोपला होता.

"तुमच्या बोटात आणि माझ्या बोटात असा काय फरक आहे?" साहेब म्हणाले.

फरक दोन वर्षांचा होता आणि घमेलेभर हृदयांचा होता.

बाई मदतनीस म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला माझ्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजावरून मला सगळे कळत गेले. "हळू, साहेब." मग, "अजून नाडी आवळलेली नाही." मग, "साहेब, चिमटा ओढू नका. ओढू नका!" आणि पाळी मुळापासून फाटली. रक्त टेबलावरून ओघळून माझ्यावर आले. साहेबांची पावले मागे मागे सरली. "धरा! कुणीतरी धरा!"

बाईंनी धरले. एका हाताने भोक दाबून दुसऱ्या हाताने टाके घातले. चौथ्या टाक्याला रक्त थांबले. तोवर हृदय दमले होते. पुढची चाळीस मिनिटे त्या ते हृदय तळहातात घेऊन दाबत राहिल्या. त्या चाळीस मिनिटांत आणि त्याआधीही त्यांच्या टाचा माझ्यावर खिळे ठोकल्यासारख्या होत्या. मी ते सांगू शकते. मीच सांगू शकते.

तो मुलगा गेला. साहेबांनी बाहेर जाऊन त्याच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले की सहायक बाईंचा पाय पायरीवरून घसरला, हाताला हिसका बसला, दैव आडवे आले.

दुसऱ्याच दिवशी चौकशी बसली. लांबलचक टेबलामागे तीन गृहस्थ, बाजूला लिहून घेणारा कारकून, आणि मी पुरावा म्हणून समोर. माझ्या पायाला एक चिठ्ठी बांधली होती. सुताराला बोलावले.

"साहेब, हिच्यावर पेला ठेवा, काठोकाठ भरून," तो म्हणाला. "मी चारी बाजूंनी दाबतो. थेंब सांडला, तर जन्मात हत्यार धरणार नाही."

त्याने दाबले. थेंब सांडला नाही.

"आज सांडला नसेल," अध्यक्ष म्हणाले. "त्या दिवशी फरशी ओली होती."

"ओल्या फरशीसाठीच तर रबर ठोकलंय."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग बसा."

मग सिस्टर आली. ती त्या दिवशी बाईंच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, तिने सगळे पाहिले होते. तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि राहायची खोली इस्पितळाची. सकाळी साहेबांनी तिला बोलावून आईची तब्येत विचारली होती. तिने फरशीकडे बघत सांगितले, "पायरी हलली असावी."

बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "मी घसरले नाही. चिमटा ओढला गेला म्हणून पाळी फाटली. चिमटा माझ्या हातात नव्हता."

"मग कुणाच्या हातात होता?"

"साहेबांच्या."

कारकुनाची लेखणी थबकली. "हे लिहू नका," अध्यक्ष म्हणाले.

बुधवारी निकाल आला. बाईंनी ऑपरेशनच्या खोलीत यायचे नाही. तळमजल्यावर मलमपट्टीच्या खोलीत बसायचे. आणि हृदयाची ऑपरेशने धोक्याची आहेत, म्हणून या इस्पितळात बंद. मी अजून त्याच टेबलासमोर होते. बाईंनी तो कागद वाचला, त्याची घडी केली आणि त्या मोठ्या साहेबांकडे वळल्या.

"उद्याचं एकच करू द्या. एवढं एकच. मग मला काढून टाका."

मोठे साहेब खिडकीबाहेर बघत होते. "आणि समजा तीही गेली, तर? लोक काय म्हणतील?"

"नाही केलं तर ती जाणारच आहे."

"ते नैसर्गिक असेल," साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी धाकटीला घरी पाठवले. बाईंनी दुसऱ्या इस्पितळांना पत्रे लिहिली, असे मी पुढे ऐकले. त्यांच्या आधी साहेबांचे पत्र तिथे पोचलेले असायचे.

मला कागदपत्रांच्या खोलीत टाकले. आठेक महिन्यांनी सुतार तिथली फळी दुरुस्त करायला आला. त्याच्या मागून सिस्टर आली, दार लोटले आणि माझ्यावर बसली.

"धाकटी गेली," ती म्हणाली. "परवा. शेवटी शेवटी टेकूनही झोप लागत नव्हती तिला. बाई पाठीला पाठ लावून बसायच्या."

सुतार स्क्रू पिळत राहिला. "तू एक शब्द बोलली असतीस तर?"

"आईला घेऊन कुठे गेले असते मी?"

"मग आता बोल."

"आता कोण विचारतंय?"

सिस्टर उठून गेली. तिच्याबद्दल माझ्या मनात काय आहे, ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही. राग आहे. पण त्या खोलीत मान वर करून बोलणे अवघड होते, हेही मी पाहिले आहे. बाईंनी मात्र ते केले. सुतारानेही केले.

त्या खोलीत, माझ्या डोक्यावरच्या मांडणीवर, चौकशीत जमा झालेली बाईंची वही होती. एकेक टाका आकृती काढून समजावलेला. पाच वर्षांनी दूरच्या देशांतले डॉक्टर हेच ऑपरेशन धडाक्याने करू लागले, तेव्हा आमच्या इस्पितळाची बंदी गुपचूप उठली. साहेबांचा माणूस आला आणि ती वही घेऊन गेला. वही परत आली नाही. साहेबांचे पुस्तक मात्र आले. बाई तेव्हा तळमजल्यावर गळवे धुऊन पट्ट्या बांधत होत्या. एकोणीस वर्षे त्यांनी पट्ट्या बांधल्या. त्यांच्यासारखी पट्टी कुणी बांधत नाही, असे लोक म्हणायचे. केवढी शिक्षा ही, की स्तुतीसुद्धा अशी व्हावी!

साहेब मोठ्या मानाने वारले. त्यांच्या नावाची हृदयरोगाची इमारत उभी राहिली. तिच्या दालनात ठेवायला जुन्या वस्तू हव्या होत्या. कुणीतरी कागदपत्रांच्या खोलीत शिरले आणि मी सापडले. पायाची चिठ्ठी केव्हाच वाळवीने खाल्ली होती. कारकून नवा होता. "पहिल्या ऑपरेशनच्या वेळची आहे म्हणतात," एवढेच तो सांगू शकला. तेवढे पुरले. मला पुसले, काचेत ठेवले आणि खाली पितळी पाटी लावली: 'याच पायरीवर उभे राहून आमच्या थोर शल्यविशारदांनी हृदयावरील पहिली शस्त्रक्रिया केली.' शेजारीच त्यांचे पूर्णाकृती तैलचित्र आहे.

एके दिवशी दोन म्हाताऱ्या आल्या. एकीच्या हातात काठी होती. चष्मा पुसून तिने पाटी वाचली, आणि पुन्हा वाचली. पावले टाकण्याची ढब मी लगेच ओळखली. दुसरी शिंपीण होती. ती भडकली.

"अहो, हे खोटं आहे! बोलवा तुमच्या साहेबांना! माझ्या छातीत बोट गेलं होतं ते या बाईंचं. ही बघा खूण."

"आजी, आवाज कमी करा," पहारेकरी म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त काचा सांभाळायला ठेवले होते.

बाईंनी त्याला विचारले, "तुमच्याकडे आता आठवड्याला किती होतात?"

"काय किती?"

"हृदयाची ऑपरेशनं."

"आठवड्याला काय, आजी, दिवसाला सहा-सात होतात."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते सुख होते की दुसरे काही, मला कळले नाही. मला पायच कळतात. मग त्यांनी उजव्या हाताचे बोट काचेवर टेकवले. संधिवाताने ते पार वाकडे झाले होते.

"हात लावू नका, आजी. मागे व्हा. त्या रेघेच्या मागे."

बाई रेघेच्या मागे गेल्या. त्या परत कधी आल्या नाहीत. दोन वर्षे झाली, आता येतील असे वाटतही नाही.

मित्रांनो, माझ्या भावंडांच्या, म्हणजे फाटक्या छत्रीच्या नि मोडक्या खुर्चीच्या, गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. शेवटी ती म्हणतात, आम्हाला जपा, उन्हातान्हात टाकू नका. मला ते मागायचे नाही. मला इथे नको तेवढे जपतात. मला वेगळेच मागायचे आहे. मागच्या आठवड्यात एका शाळेची मुले आली होती. एक मुलगी माझ्यापाशी थांबली. माझ्या फळ्यांवर रंग उडालेल्या दोन जागा आहेत, पायांच्या. तिने त्या निरखल्या, चप्पल काढली, आपले पाऊल काचेजवळ धरून बघितले आणि वर तैलचित्राकडे पाहिले.

"सर, हे पाय तर माझ्याएवढेच आहेत. हे यांचे कसे असतील?"

"रांग सोडू नकोस," सर म्हणाले.

ती चप्पल घालून निघून गेली. तिचे नाव मला माहीत नाही. ती तुमच्या शाळेतली, तुमच्या वर्गातली असेल, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावे, तुझा प्रश्न बरोबर होता. पुन्हा ये, आणि पुन्हा विचार.